बुधवारचे टपाल

सेंट ऑल्डहेल्म शाळेत दर रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर आणि जेवणाची घंटा होण्यापूर्वी, पाऊण तास पत्रलेखनासाठी राखून ठेवलेला असे. वसतिगृहातल्या साऱ्या मुली अभ्यासिकेत बसत. मोबाइल आधीच जमा झालेले असत, आणि प्रत्येकीपुढे शाळेचे चिन्ह छापलेला जाड कागद नि शाईचे पेन ठेवलेले असे. घरी पत्र लिहायचे, किमान पाच ओळी; फोनवर सारे सांगून झाले असले तरीही लिहायचे. इंग्लंडातल्या कुठल्याशा जुन्या शाळेतून आलेल्या पहिल्या मुख्याध्यापकाने ही रीत घालून दिली होती, आणि पुढच्या नव्वद वर्षांत ती मोडावी असे कोणाला वाटले नव्हते.

शाळा दाखवण्याच्या दिवशी वसतिगृहाच्या प्रमुख मिसेस हॅलिडे यांनी ही गोष्ट जाता जाता सांगितली. इतर पालक तेव्हा पोहण्याचा तलाव आणि घोड्यांचा तबेला पाहण्यात गुंतले होते. देवव्रत मात्र जागीच थबकला. ज्या संस्थेत आजही आठवड्यातून एकदा हाताने पत्र लिहिले जाते, त्या संस्थेशी आपला मतभेद असू शकत नाही, असे त्याचे मत झाले; आणि देवव्रतचे मत झाले, की ते बदलणे ही सोपी गोष्ट नसे.

वीस वर्षांपूर्वी तो पुण्याहून ऑकलंडच्या दक्षिणेला असलेल्या हॅमिल्टनच्या विद्यापीठात शिकायला आला आणि पुढे 'ते रापा' नावाच्या उपनगरात, दुधाच्या भुकटीचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत स्थिरावला. आकडा पटला नाही तर नमुना पुन्हा तपासायचा, तरी पटला नाही तर यंत्र तपासायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. घरी जुन्या मराठी गद्याची चार कपाटे होती. संध्याकाळी त्यातले एखादे पुस्तक काढून तो मोठ्याने वाचत बसे, आणि लेखक हयात नसला तरी त्याच्याशी वाद घाली. त्याची पत्नी विभावरी इस्पितळात औषधनिर्माती होती, ती भाजी निवडता निवडता हे सारे ऐके आणि मधूनच म्हणे, "अरे, तो बिचारा गेलाय. आता तरी सोड त्याला."

एकच गोष्ट त्याला सलत असे. त्यांची एकुलती एक मुलगी अनुया हॅमिल्टनमध्येच जन्मली होती. मराठी तिला सगळे कळे, पण उत्तर इंग्रजीत येई. देवनागरीत तिला फक्त स्वतःचे नाव लिहिता येई. नवव्या वर्षापर्यंत दर शनिवारी सकाळी देवव्रतने तिला शिकवून पाहिले. दोघेही रडकुंडीला येत, आणि शेवटी विभावरीनेच ते पुस्तक उचलून माळ्यावर टाकले. आपल्या पश्चात ही चार कपाटे कोण उघडणार, हा प्रश्न देवव्रतने कोणाला विचारला नव्हता, पण कपाट उघडताना दरवेळी तो त्याला पडे.

अनुयाचा गळा चांगला होता. शाळेच्या गायनवृंदासाठी तिला शिष्यवृत्ती मिळाली, आणि चौदाव्या वर्षी, फेब्रुवारीत, ती सेंट ऑल्डहेल्ममध्ये दाखल झाली. घरापासून मोटारीने एक तास दहा मिनिटे. कायमाईच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी शाळेची शुभ्र दगडी प्रार्थनावास्तू, तिच्यापर्यंत जाणारी ओकच्या झाडांची दुहेरी रांग, खाली शाळेच्याच गायींची कुरणे. मुलींना काय मिळत नव्हते? कारापिरोच्या सरोवरावर वल्हवायला नेत, वादविवाद शिकवत, तारे पाहायला दुर्बीण होती, आणि इच्छा असेल त्या मुलीला पहाटे गायींच्या धारेलाही जाता येई.

पहिले पत्र आले ते मोजून पाच ओळींचे आणि इंग्रजीत. जेवण वाटले होते त्यापेक्षा बरे आहे, पोहण्याचे कपडे विसरले ते पाठवा, उकाडा आहे, बाकी ठीक, लव्ह, अनुया. देवव्रतने त्यातल्या तीन चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आणि ते परत पाठवले. दुसऱ्याही पत्राची तीच गत झाली. शनिवारी फोन आला.

"बाबा, नोबडीज डॅड मार्क्स देअर लेटर्स. सगळ्या हसतात मला."

"मग चुका करू नकोस."

"सिरियसली?"

"आणि मराठीत लिहिलंस तर एकही चूक दुरुस्त करणार नाही. माझा शब्द."

"यू नो आय कान्ट," ती म्हणाली आणि फोन आईकडे द्यायला सांगितला.

हा क्रम दोन महिने चालला. मग एप्रिलच्या अखेरीस, रागाने म्हणण्यापेक्षा हट्टाने, देवव्रतने तिला एक पानभर मराठी पत्र धाडले. तिला ते वाचता येणार नाही हे त्याला ठाऊक होते. कोणाकडून तरी वाचून घ्यावे लागेल, त्यासाठी खटपट करावी लागेल, आणि खटपटीतूनच ओढ लागते, असा त्याचा युक्तिवाद होता. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले: यापुढे इंग्रजी पत्र मी उघडणार नाही. जी मला मराठीत लिहील, तीच माझी मुलगी.

पुढच्या बुधवारी टपालपेटीत नेहमीचेच जाड पाकीट होते.

"तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपले पत्र पोचले. आपला राग मला आवडला, कारण माणूस परक्यावर असा रागावत नाही. आज सकाळी ओकच्या रांगेत इतके दाट धुके होते, की प्रार्थनेला जाताना पुढच्या मुलीची वेणी तेवढी दिसत होती आणि मुलगी दिसत नव्हती. तेल चोपडलेल्या बाकांचा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि आतल्या पेटीचा पहिला सूर निघण्यापूर्वीचा तिचा श्वास, हे सारे मला घरच्यासारखे झाले आहे. पुष्कळ दिवस मला लिहायला कोणी नव्हते. आता आपण आहात."

पुढे आणखी दीड पान होते. देवव्रतने ते उभ्यानेच दोनदा वाचले, मग बसून तिसऱ्यांदा वाचले. एकही चूक नव्हती. अक्षर किंचित उजवीकडे कललेले, 'अ' आणि 'झ' जुन्या छापखान्यातल्या वळणाचे. कागद नाकाशी धरला तर त्याला खरोखरच ओल्या लोकरीचा वास येत होता.

विभावरी कामावरून आल्यावर त्याने पत्र तिच्या हातात दिले आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिला.

"फोनवरून उतरवलं असेल," ती वाचून म्हणाली. "भाषांतर करून देतात ना हल्ली."

"फोन जमा असतात. आणि कुठला फोन असं वाक्य लिहील? वेणी दिसत होती आणि मुलगी दिसत नव्हती!"

"मग कुणी मराठी टीचर असेल तिथे."

"कायमाईच्या डोंगरात मराठी टीचर?"

"इस्पितळात मराठी डॉक्टर आहेत, मराठी नर्सा आहेत, टाकानिनीत आपल्या बाळासाहेबांची डेअरी आहे. टीचर का नसावी? शिकवत असेल पोरीला. चांगलंच आहे की." पण पत्र परत देताना ती म्हणाली, "अक्षर तिचं नाही हं."

"देवनागरीतलं तिचं अक्षर तू पाहिलंयस कधी?"

हा मुद्दा बिनतोड होता.

शनिवारच्या फोनची देवव्रतने आयुष्यात पहिल्यांदा वाट पाहिली.

"पत्र मिळालं हं," तो म्हणाला. "अप्रतिम!"

"बाबा, मी लिहिलं की आय वॉन्ट टु कम होम. दॅट्स अप्रतिम?"

"ते कुठे लिहिलंस? तुझं मराठी पत्र म्हणतोय मी."

"व्हॉट मराठी? तुमचं लेटर मला वाचताच नाही आलं. आय जस्ट लेफ्ट इट ऑन द विंडो टेबल."

तिच्या स्वभावात थट्टा होती, आईकडून आलेली. देवव्रत मोठ्याने हसला. तिचे इंग्रजी पत्र पाकिटात नव्हते, हे मात्र त्याने फोन ठेवल्यावर पाकीट उलटे करून, आतून चाचपून पाहिले.

तो तपासनीस होता. यंत्र तपासल्यावाचून त्याला चैन पडले नसते. त्याने मिसेस हॅलिडे यांना फोन लावला. अनुयाला मराठी कोण शिकवते, असे विचारले.

"किया ओरा, देव!" त्या तिथल्या माओरी रीतीने नमस्कार करत प्रसन्नपणे म्हणाल्या. मराठी येणारे शाळेत कोणी नाही, त्यांना तरी माहीत नाही. पण अनुया किती छान रुळली आहे! रविवारी सगळ्या मुली पाच ओळी खरडून पळतात, ही मात्र खिडकीजवळच्या टेबलाशी शेवटची घंटा होईपर्यंत मान खाली घालून लिहीत असते. असे लिहिणारी मुलगी फार दिवसांत पाहिली नव्हती.

पुढच्या शनिवारी त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "अनुया, तू बसतेस कुठे गं पत्र लिहायला?"

"हीटरच्या बाजूला. का?"

"खिडकीजवळ नाही बसत?"

"ईऊ, नो. तिथे कुणीच नाही बसत. इट्स फ्रीझिंग."

इथे एक आकडा पटला नव्हता, हे देवव्रतला कळत होते. पण प्रयोगशाळेत जो आकडा नकोसा असतो तो पुन्हा तपासला जातो; हवाहवासा आकडा सहसा कोणी पुन्हा तपासत नाही. बुधवारी पत्र आले, आणि ते पहिल्याहून सरस होते.

मग त्याच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे महिने सुरू झाले. दर बुधवारी पाकीट येई. त्यात शाळेचे सारे वैभव असे: सरोवरावर आठही वल्ही एकदम पाण्यात शिरली तेव्हा झालेला एकच आवाज, धारेच्या वेळी गायींच्या अंगांतून निघणारी वाफ, वादविवादात ऑकलंडच्या मुलींना हरवले ती संध्याकाळ, दुर्बिणीतून पाहिलेला गुरू आणि त्याचे चार चंद्र. देवव्रत उत्तर लिही. एकदा त्याने लिहिले की लांब वाक्य हाच गद्याचा खरा कस आहे. उत्तर आले, की वाक्य श्वासाइतकेच लांब असावे, आणि ज्याला श्वासाची गरज नाही त्यानेच लांब वाक्याची हौस करावी. तो त्यावर चार पाने लढला आणि हरला. हरल्याचा आनंद त्याला आठवडाभर पुरला. ते रापाला जाताना गाडीत तो स्वतःशीच गुणगुणू लागला, आणि घरी मेलेल्या लेखकांशी भांडणे त्याने जवळजवळ सोडून दिले.

जुलैत त्याने टाकानिनीला फोन केला. बाळासाहेब त्याचा विद्यापीठापासूनचा मित्र. कोपऱ्यावरचे दुकान, तिथल्या बोलीत 'डेअरी', चालवी.

"ऐक, वाचून दाखवतो."

"अरे, गिऱ्हाईक आहे. थांब. हो, रबरी चपला मागच्या रांगेत, मेट. हं, वाच आता."

देवव्रतने पान वाचले. दुकानातल्या शीतकपाटाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"पोरीनं लिहिलंय हे?" बाळासाहेबाने विचारले.

"मग काय मी?"

"तूच लिहिलंस असं वाटलं म्हणून विचारलं. अगदी तुझा घाट आहे रे. तुझ्यापेक्षा बरा, पण तुझाच."

"बापाची मुलगी आहे."

"असेल बाबा." पलीकडे गल्ला मिटल्याचा आवाज आला. "मागच्या महिन्यात ती दुकानात आली होती, गायनाच्या बसमधून, मैत्रिणींबरोबर. मी म्हटलं, काय अनुयाताई, काय म्हणते शाळा? तर 'स्वीट ॲज, काका', म्हणजे एकदम मस्त, आणि डोळ्यांत पाणी. तेवढंच. म्हटलं, तुला सांगावं."

ऑगस्टच्या शेवटी दोन दिवसांची घरची सुटी होती. देवव्रत स्वतः जाऊन अनुयाला घेऊन आला. ती वाळली होती, वाटभर खिडकीबाहेर पाहत होती. त्याने दुर्बिणीचा विषय काढला. ती म्हणाली, ढगांमुळे दुर्बीण अजून एकदाही उघडलेली नाही. वादविवादाचे विचारले, तर ती वादविवादात नव्हतीच.

रविवारी सकाळी विभावरीने तिच्या केसांना तेल लावले आणि जेवताना तिनेच विषय काढला. "पुढच्या वर्षीचं शाळेला कळवायचंय ना या महिन्यात? तिला इथल्या शाळेत यायचंय. तिच्या मैत्रिणी इथे आहेत."

"प्लीज, बाबा," अनुया म्हणाली. "आय'ल डू द डिशेस फॉरेव्हर."

देवव्रतने तिच्यापुढे एक मराठी पुस्तक उघडे ठेवले. "हे वाच."

ती पुस्तकाकडे आणि मग त्याच्याकडे पाहत राहिली. "बाबा, मला नाही येत."

"येतं. मला ठाऊक आहे येतं. शाळेत येतं आणि घरी येत नाही?"

ती रडत खोलीत निघून गेली. संध्याकाळी पाचला विभावरी तिला शाळेत सोडून आली आणि त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

बुधवारी पत्र आले. त्यावर त्याच रविवारची तारीख होती.

"आज अभ्यासिकेत मी एकटीच आहे," ते सुरू होत होते. "सगळ्या घरी गेल्या आहेत. हीटर बंद आहे, पण मला थंडीची सवय आहे. ज्या मुलीची जागा हीटरजवळ असते, तीही गेली. ती फार रडते, बाबा. तिला इथले काहीच नको आहे. ज्याला जे नको ते त्याच्यापाशी का असावे, याचा मी पुष्कळ विचार करते."

विभावरीने पत्र टेबलावर ठेवले आणि ओढणीला हात पुसले. "देवव्रत, रविवारी ती इथे होती. मी तिच्या केसांना तेल लावलं."

"आधी लिहून ठेवलं असेल. तारीख घातली असेल रविवारची."

"आणि ही रडणारी मुलगी कोण?"

"असेल कुणी मैत्रीण."

"मला माझी पोर घरी हवीय."

तो तासभर बोलला. शिष्यवृत्ती, गायन, सरोवर, पुढच्या संधी. आणि शेवटी, ज्या शाळेने चौदा वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांत अशी भाषा दिली ती सोडणे हा कसा गुन्हा ठरेल, हे. विभावरीला वादात त्याच्याशी कधीच जिंकता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती कामावर गेल्यावर, त्याने पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर सही करून तो पाठवून दिला.

पुढच्या पत्रात शेवटची ओळ होती: "आपण सही केलीत, फार बरे झाले." सहीचे त्याने अजून कोणालाच सांगितले नव्हते. शाळेने सांगितले असेल, असे तो म्हणाला. स्वतःशीच म्हणाला, कारण खोलीत दुसरे कोणी नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी बक्षीससमारंभ होता. विभावरीची ड्यूटी होती, म्हणून देवव्रत एकटाच गेला. लख्ख ऊन पडले होते. हिरवळीवर पांढरे तंबू, चहा, क्रीम भरलेले केक, टोप्या घातलेल्या आज्या, आणि ओकच्या सावलीत लावलेल्या मोटारींच्या लांबच लांब रांगा. मिसेस हॅलिडे यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरून हलवला.

तो वसतिगृहाच्या पायऱ्यांशी उभा राहिला. मुली हसत, रडत, बॅगा ओढत बाहेर पडत होत्या. सगळ्यांच्या शेवटी अनुया आली. तोच चेहरा, तेच डावीकडे पडणारे केस, कोपरावर सायकलवरून पडल्याचा तोच व्रण.

"बाबा," ती म्हणाली, "उन्हात कशाला उभे राहिलात? सावलीत थांबायचं ना."

देवव्रतच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने काही विचारले नाही. वाटभर ती बोलत होती. ढगांविषयी, कुरणांविषयी, आणि त्या लांब वाक्याच्या वादात आपण त्याला मुद्दाम एक वाट मोकळी ठेवली होती ती त्याला कशी दिसली नाही, याविषयी. मोटार वळणावर आली तेव्हा मागून कोणीतरी हाक मारल्यासारखे त्याला वाटले. शाळा सुटण्याच्या दिवशी हाका फार असतात. त्याने खिडकीची काच वर केली.

ते घरी पोचतात तोच विभावरीही ड्यूटीवरून दारात आली.

"आई, दमलीस गं," अनुया म्हणाली, आणि तिच्या हातातली पर्स काढून घेऊन तिने तिला खुर्चीत बसवले. विभावरीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ पाहिला. मग तिला जवळ घेतले.

बाळासाहेबाने मिठाईचा डबा धाडला होता. चहाबरोबर अनुयाने काजूकतलीचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. विभावरीचा हात हवेतच राहिला. तिसऱ्या वर्षी एका काजूने अनुयाला इस्पितळात न्यावे लागले होते. तेव्हापासून घरात काजू येत नसे आणि विभावरीच्या पर्समधून इंजेक्शन कधी बाहेर पडले नव्हते.

देवव्रत उठला. विभावरीने पर्स उघडली. दोघेही घड्याळाकडे पाहत राहिले. पाच मिनिटे गेली. दहा.

"छान झालीय," अनुया म्हणाली. "आणखी घेऊ?"

विभावरीने पर्स हळूच मिटली. "जाते कधी कधी," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "ॲलर्जी. वयाबरोबर जाते." आणि तिने डबा तिच्यासमोर सरकवला.

त्यानंतरचे चार दिवस त्या घराने पाहिलेल्या दिवसांत सर्वांत भरलेले होते. सकाळी अनुया आईबरोबर भाजीला जाई. दुपारी चारही कपाटांतली पुस्तके पुसून पुन्हा लावून झाली. संध्याकाळी ती मोठ्याने वाची, विभावरी ऐके, आणि देवव्रत वाद घालायला तोंड उघडी तोच तिचे उत्तर तयार असे. विभावरी पुन्हा हसू लागली होती. मध्येच ती हसता हसता थांबे आणि दाराकडे पाही. मग काही नाही असे म्हणे.

बुधवारी दुपारी चार वाजता देवव्रतने टपालपेटी उघडली. जाड पाकीट होते.

अक्षर डावीकडे झुकलेले, घाईतले. इंग्रजीत सात ओळी.

हाय बाबा. सगळ्या गेल्या. शनिवारी तुमची गाडी मी वरून पाहिली. मी हाका मारल्या. बॅग घेऊन खाली आले तोवर तुम्ही वळणावर होता. स्वयंपाकघराला कुलूप आहे, पण मी ठीक आहे. इथे खूप शांत आहे. कधी येताय?

त्याने शाळेचा नंबर फिरवला. ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला: किया ओरा, शाळा वीस जानेवारीपर्यंत बंद आहे, आवारात कोणीही नाही.

देवव्रतने खुंटीवरच्या मोटारीच्या किल्ल्या घेतल्या.

एक तास दहा मिनिटे. उजेड अजून साडेचार तास होता.

आतल्या खोलीतून वाचनाचा आवाज येत होता. विभावरी मध्येच काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मग वाचन थांबले.

ती दारात येऊन उभी राहिली. तिने त्याच्या हातातल्या किल्ल्या पाहिल्या, टेबलावरचा कागद पाहिला. चेहऱ्यावर राग नव्हता; भीतीही नव्हती. घरातले एखादे राहून गेलेले काम आठवावे, तसा तो चेहरा होता.

"तुम्ही नका त्रास करून घेऊ, बाबा," ती म्हणाली. "तिला उत्तर मी लिहिते."

देवव्रतने रिकाम्या खुंटीकडे पाहिले.

"इंग्रजीतच लिहावं लागेल," ती म्हणाली. "तिला मराठी वाचता येत नाही."

त्याने किल्ल्या पुन्हा खुंटीला लावल्या, आणि टेबलाशी असलेली खुर्ची तिच्यासाठी मागे ओढून दिली.